रविवारचा नदीकाठ



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार कायद्यावर बोलावे. तीस-बत्तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. गेटसभेत बोललो, जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर उभे राहून बोललो, आणि लेबर ऑफिसच्या बाकावर बसूनही बोललो. पण या वेळी आम्ही चालकांना म्हटले, ‘कायदा आमच्याकडून पुष्कळ वेळा ऐकलात; यंदा आम्हांला पाखरांवर बोलू द्या.’ ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. बहुधा म्हातारपण लवकर आले असे त्यांना वाटले असावे. तरीही त्यांनी परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही पक्षिशास्त्रज्ञ नाही. नववीनंतर शाळा सुटली आणि गिरणीत लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते नगर वाचनालयाच्या टेबलावर आणि माणसांच्या संगतीत. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्राची चूक आढळली तर जाणकारांनी व्याख्यानानंतर कान धरावा.

विषय आहे नदीकाठची भटकंती. मुंबई-कोकणचे आमचे मित्र समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जातात, भरती-ओहोटी पाहतात, वाळूवरचे खेकडे आणि कुरव पक्षी पाहतात आणि आम्हांला विचारतात, ‘तुम्हां वर्धेकरांना किनारा कुठला?’ प्रश्न खरा आहे. पूर्वेचा समुद्र असो की पश्चिमेचा, दोन्ही आमच्यापासून शेकडो मैल दूर. आमच्या संघटनेतील कितीतरी माणसे समुद्र न पाहताच गेली. पण किनारा म्हणजे शेवटी काय? जेथे जमीन संपते आणि पाणी सुरू होते ती जागा. असा किनारा आपल्या घरापासून सायकलीच्या अंतरावर आहे. आपली धाम वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पवनारच्या पुलाखालून आज जाणारे पाणी समुद्राकडेच निघालेले आहे. म्हणून आम्ही त्या मित्रांना सांगतो, ‘तुमचा किनारा जेथे संपतो, तेथून आमचा सुरू होतो.’

आता या नादाला आम्ही लागलो कसे, ते सांगितले पाहिजे. आम्ही ज्या गिरणीत होतो, तिच्या विणकाम खात्यात आमच्याहून वीस वर्षांनी वडील असे एक कामगार होते. सगळे त्यांना दादा म्हणत; आम्हीही दादाच म्हणणार. ज्यांनी मागांच्या खात्यात पाय ठेवला आहे, त्यांना तो आवाज सांगायला नको. शेजारच्याच्या कानात ओरडले तरी ऐकू जात नाही. कामगार ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. तीस वर्षे त्या आवाजात काढल्यावर दादांचे कान गेले. कातणखात्यातल्या लोकांचे दुसरेच दुखणे. कापसाची धूळ छातीत बसते. आणि मौज अशी की, सुटीच्या दिवशी छाती मोकळी होते आणि सुटीनंतर पहिल्या पाळीला पुन्हा आवळते. डॉक्टर मंडळी याला ‘सोमवारचा ताप’ म्हणतात. बिसिनोसिस हे त्याचे पुस्तकी नाव, आणि कायद्याने ते व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. आम्हांला त्या नावातच एक गोष्ट दिसली. जो रोग सोमवारी परत येतो, त्याचा अर्थ रविवारी माणूस खरा श्वास घेत होता!

तेव्हा आम्ही काही जण दर रविवारी सकाळी सायकली काढून पवनारच्या बाजूला जाऊ लागलो. उद्देश पाखरांचा नव्हताच. डब्यातली भाकर, मिरचीचा ठेचा, नदीत आंघोळ आणि संघटनेच्या चार गोष्टी, एवढाच बेत. एका रविवारी आम्ही बोनसच्या वाटाघाटीबद्दल तावातावाने बोलत होतो आणि दादा एकटेच पाण्याकडे पाहत बसले होते. आमचे बोलणे त्यांना ऐकू येत नव्हते, म्हणून त्यांना दुसरे काही दिसत होते. त्यांनी आमच्या खांद्याला हात लावला आणि बोट दाखवले. काळ्यापांढऱ्या कवड्यांसारखा रंग असलेला एक खंड्या पाण्यावर वीसेक फूट उंच, हवेत एका जागी उभा होता. पंख फडफडत होते, पण तो जागचा हलत नव्हता. मग दगड सुटावा तसा तो खाली आला आणि चोचीत मासोळी घेऊन वर गेला. इतकी वर्षे आम्ही त्या काठावर येत होतो आणि हे कधी पाहिले नव्हते. वाटाघाटीतला माणूस असाच एका जागी स्थिर राहून योग्य क्षण साधील तर किती बरे, असे तेव्हा वाटल्याचे आठवते.

त्या दिवसापासून दादा आमचे गुरू झाले. आम्ही आवाज ऐकायचा, कोणत्या झाडातून आला ते हाताने दाखवायचे आणि त्यांनी ते पाखरू शोधून काढायचे. ते म्हणत, ‘तुमचे कान अन् माहे डोये, दोन्ही मिऊन एक पाखरू पुरं होते.’ संघटनेची याहून सोपी व्याख्या आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही.

पण मित्रहो, ज्या रविवारी आम्ही हे पाहिले, तो रविवार आला कोठून? तो पंचांगाने दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या सुटीचा नियम नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मागितली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटीचा हक्क होता. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना गेले. त्या सकाळी कवड्या खंड्या आम्हांला दिसला, त्यात दादांच्या डोळ्यांचा वाटा होता, तसा लोखंड्यांच्या सभेचाही होता.

योगायोग पाहा. त्याच २४ एप्रिलला, पण १९३२ साली, इंग्लंडात मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाच्या डोंगरपठारावर काही शे तरुण कामगार चढून गेले. गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या त्या पोरांना रविवारी मोकळ्या माळावर फिरायचे होते. पण तो माळ जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता आणि वाटेवर पहारेकरी उभे होते. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा यंत्रकामगार त्यांचा पुढारी. झटापट झाली, खटला भरला, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. गुन्हा काय, तर डोंगरावर फिरायला गेले! परंतु १९४९ साली त्याच देशात राष्ट्रीय उद्याने आणि खुल्या रानात जाण्याचा हक्क यांविषयी कायदा झाला आणि १९५१ साली तो डोंगर ज्या प्रदेशात आहे, तो पीक डिस्ट्रिक्ट तेथील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. आपल्याला पवनारचा काठ फुकट मिळालेला आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत माणसाला राहत नाही, एवढाच त्यातला धोका.

आता या काठावर वर्षभर काय पाहायला मिळते, ते थोडक्यात सांगतो.

पावसाळ्याआधी, मृगाच्या सुमारास, चातक येतो. डोक्यावर तुरा, अंग काळेपांढरे. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून तो मोसमी वाऱ्यांच्या बरोबरीने आपल्याकडे पोचतो. शेतकरी तिफण काढतो तेव्हाच पावशाचीही हाक सुरू होते. ‘पेरते व्हा’ असा अर्थ आपल्या लोकांनी तिच्यात वाचला. पाऊस लागला की काठावरच्या बाभळींना सुगरणीची घरटी लटकू लागतात. त्यांची गोष्ट पुढे सांगणार आहे. ऑक्टोबरात पाणी निवळते आणि उत्तरेकडून धोबी पक्षी येतात. शेपूट खालीवर हलवीत ओल्या खडकांवर असे चालतात की जणू कोणाचे कपडे आपटायचे राहिले आहेत. तुतवार येतात. थंडी पडली की जिल्ह्यातल्या तलावांवर पट्टकदंब हंस उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्यांची खूण. ते तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. आपल्या गावच्या तलावात चिखल चिवडणारे हे पाखरू तेवढ्या उंचीवरून आले आहे, हे समजल्यावर तलावाकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते.

माघ-फाल्गुनात पळस पेटतो आणि मैना, सातभाई, कोतवाल त्या फुलांवर तुटून पडतात. चैत्रात मोहाची फुले गळतात. आणि आज जे दिवस आहेत, जेव्हा आपण सूर्य मावळल्यावरही झळा सोसत या मैदानावर बसलो आहोत, तेव्हा धामेचे पाणी आटून काळ्या खडकांत डोह तेवढे उरतात. लोक म्हणतात, उन्हाळ्यात नदीवर काय पाहायचे? आम्ही म्हणतो, उन्हाळ्यातच पाहा. पाणी थोडे उरले की सगळ्यांना तेथेच यावे लागते. एका डोहाकाठी सकाळच्या तासाभरात बगळे, ढोकरी, पाणकावळे, शराटी, वेडे राघू आणि तारेवर बसलेला नीलपंख, एवढी मंडळी हजेरी लावून जातात.

नीलपंखाचे नाव निघाले म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी वर्धेकरांनी आपल्या शहराचा पक्षी मतदानाने निवडला आणि कौल नीलपंखाला दिला. आम्ही अनेक निवडणुकांत पडलो आहोत. पण या निकालाबद्दल आमची तक्रार नाही. बसलेला असतो तेव्हा हा पक्षी मळकट दिसतो, कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. उडाला की पंखांतले निळे असे उघडते की पाहणारा थबकतो. आपल्यातल्या पुष्कळ माणसांचे असेच आहे. त्यांना उडायला जागा मिळत नाही, म्हणून त्यांचा रंग आपल्याला कळत नाही.

आता सुगरण. श्रावणातल्या एका रविवारी दादा एका बाभळीखाली दोन तास बसून राहिले. नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर. गवताचे हिरवे पाते चोचीने कापून आणतो, फांदीला गाठ मारतो, मग आडवे-उभे धागे घालीत शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार करतो. मग मादी पाहायला येते. पसंत पडला तर तो पुढे बोगद्यासारखे दार विणून काम पुरे करतो. नापसंत झाला तर अर्धवट टाकून दुसरा सुरू करतो. दादा ते सगळे पाहून आमच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘हा आपल्याच खात्यातला आहे जी. नगावर काम करते, अन् तपासनीस पसंत नाही म्हणाला तं सारा माल वाया!’ आम्ही सगळे हसलो. पण दादा हसले नाहीत. तीस वर्षांत डागी कापडासाठी त्यांच्या पगारातून किती कापले गेले होते, ते त्यांना ठाऊक होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘पन याची वीण पाहा. आपल्यापेक्षा बारीक आहे.’ एका विणकराने दुसऱ्याला दिलेली ती दाद होती. पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले. पण त्या बाभळीवरचे खाते दरवर्षी सुरू असते.

पाखरांची नावे आम्हांला येत नव्हती. सलीम अलींचे इंग्रजी पुस्तक वाचनालयात होते. चित्रे पाहून पक्षी ओळखता येई, पण ‘पाइड किंगफिशर’ हे नाव घेऊन दादांना काय सांगणार? मग मारुती चितमपल्ली यांची पुस्तके हाती लागली. सोलापुरात १९३२ साली जन्मलेला हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला, विदर्भातल्या रानांत वर्षानुवर्षे राहिला आणि आदिवासी, पारधी, धीवर, गुराखी यांच्याकडून नावे गोळा करीत गेला. त्यांचा ‘पक्षीकोश’ २००२ साली आला. २०२५ साली ते वारले. साक्षर मंडळी ज्याला अडाणी म्हणतात, त्याच्या तोंडी प्रत्येक पाखराला, झाडाला, पाण्याच्या प्रत्येक वळणाला नाव होते, ही गोष्ट त्यांच्या पुस्तकांनी आम्हांला दाखवली. ज्याला नाव आहे त्याची हजेरी घेता येते. आणि हजेरीपटावर जो आहे, तो एके दिवशी गैरहजर राहिला तर ते लक्षात येते. नाव नसलेला कामगार जसा कारखान्यातून गुपचूप नाहीसा होतो, तसे नाव नसलेले पाखरू नदीवरून नाहीसे होते.

येथे आमचे काही सहकारी आक्षेप घेतात. ते म्हणतात, ‘कामरेड, लोकांच्या पोटाला नाही आणि तुम्ही पाखरे काय दाखवता?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण एका काळी तो आम्हीच घेतला असता. त्याला उत्तर म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. तीत आमचा मोठेपणा नाही.

गिरणी बंद पडल्यावर आम्ही जिल्ह्यातल्या एका रेतीघाटावर ट्रक भरणाऱ्या मजुरांची संघटना बांधली. तेव्हा भराई हातानेच होई. एका ट्रकला सहा-सात माणसे, फावडी आणि घमेली. मजुरी वाढवून मिळाली, आणि ट्रकच्या फेऱ्याही वाढल्या. आम्ही खूष होतो. चैत्रातल्या एका सकाळी घाटावर सभा घ्यायला गेलो, तर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत होती. टिटवी घरटे बांधत नाही. गोट्यांमध्ये उथळ खळगी करून तीन-चार अंडी घालते, आणि ती अंडी गोट्यांसारखीच दिसतात. ट्रॅक्टरचे चाक तेवढ्यातच त्यावरून गेले होते. बरोबर दादा होते. त्यांना टिटवीचे ओरडणे ऐकू येत नव्हते. त्यांना तिची उघडलेली चोच फक्त दिसत होती. ते काही बोलले नाहीत. आम्ही सभेत मजुरीचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. पण त्या दिवशी आमचे भाषण नीट झाले नाही.

आम्ही काय करणार होतो? घाट बंद करा म्हणालो असतो तर साठ चुली बंद पडल्या असत्या. आणि पाखराच्या चार अंड्यांसाठी साठ चुली विझवा, असे सांगण्याची आमची छाती नव्हती, आजही नाही. म्हणून गप्प राहिलो. दोन वर्षांनी घाटावर पोकलेन आले. दहा दिवसांत होणारा उपसा एका रात्रीत होऊ लागला. प्रथम पन्नास माणसे घरी बसली, मग उरलेली. दोन उन्हाळ्यांत रेती खरवडून खालचा मातीचा थर उघडा पडला. जेथे बायका झिरे खणून उन्हाळ्यात पाणी काढीत, तेथे पाणी लागेना. काठच्या विहिरींनीही तळ दाखवला. कारण रेती म्हणजे नुसता बांधकामाचा माल नव्हे, ती नदीची पाणी धरून ठेवणारी गादी आहे. आम्ही निवेदने दिली, धरणे धरले. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील अशा उत्खननालाही पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागेल. तो निकाल आम्ही अर्जाला जोडला. अर्जाला पोच मिळाली. ती लढाई आम्ही हरलो.

तेव्हा एक गोष्ट कळली, ती आम्ही आज येथे कबूल करतो. टिटवीची अंडी फुटली, तोच पहिला इशारा होता. आम्ही तो पाखराचा प्रश्न समजलो. तो आमचाच प्रश्न होता. ज्या घाईने तिची अंडी चिरडली, त्याच घाईने पुढे आमच्या माणसांचे काम चिरडले. फावड्याने काढलेली रेती पुरात पुष्कळशी भरून येत होती. त्यात मजूरही जगत होता आणि काठाच्या दुसऱ्या अंगाला टिटवीलाही जागा होती. त्याच वेळी आम्ही ठराव केला असता की, विणीच्या दिवसांत अमुक पट्टा सोडायचा, यंत्र येऊ द्यायचे नाही, उपशाला हद्द घालायची, तर मजूर, झिऱ्यावरच्या बायका, काठचा शेतकरी आणि धीवर असे सगळे एका बाजूला उभे राहिले असते. तसे झाले असते तर जिंकलोच असतो, असे आम्ही म्हणत नाही. पण आम्ही एकटे हरलो, एवढे खरे. म्हणून पोट आधी की पाखरू आधी, असा प्रश्न कोणी विचारला की आता आम्ही विचारतो, ‘दोघांच्याही तोंडचे काढून नेणारा कोण, ते आधी पाहिले का?’

असो. व्याख्यानाचा शेवट कडू करू नये असा या व्यासपीठाचा रिवाज आहे.

पायी चालणे ही तर आपल्या जिल्ह्याची परंपराच आहे. गांधीजी १९३६ साली शेगावी येऊन राहिले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. त्यांचा रोजचा फेरफटका कधी चुकत नसे. विनोबा पवनारहून निघाले आणि १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी देश पायी हिंडून १९६४ साली पुन्हा धामेच्या काठी परतले. याच काठी आश्रमाची जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत राम-भरताच्या भेटीची मूर्ती आहे. पवनार म्हणजे वाकाटकांची प्रवरपूर नगरी, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी प्रतिपादन केले. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी याच पात्रात विसर्जित झाल्या. आणि ज्या काळ्या खडकावर आपण डबा उघडून बसतो, तो सहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाचा आहे. एवढा इतिहास उशाला घेऊन ढोकरी एका पायावर उभी असते आणि बेडकाची वाट पाहते.

कोणी म्हणेल, खरे रान पाहायचे तर बोर धरणाकडे जावे. जरूर जावे. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले ते रान आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे. पण तेथे वाघ आहे. तेव्हा पायी हिंडण्याची ती जागा नव्हे. गाडी, वाटाड्या आणि फी यांची तजवीज करावी लागते, आणि हमालाच्या कुटुंबाला ते वर्षातून एकदाही जमेल असे नाही. नदीकाठ मात्र प्रत्येक रविवारी आपला आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी सांगतो. उजाडायच्या आत निघा. आठ वाजल्यानंतर आमच्या विदर्भातले पाखरूही सावलीला बसते. भडक कपडे आणि गाणी वाजवणारे फोन घरी ठेवा. मुलांना सोबत न्या आणि त्यांच्या हाती एक वही द्या. दिसले ते तारखेनिशी लिहू द्या. घरट्याजवळ, विशेषतः टिटवीच्या अंड्यांजवळ, थांबू नका. तुम्ही थांबलात तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. पावसाळ्यात पुराच्या पाण्याशी धाडस करू नका. निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकणाऱ्याला हात जोडून थांबवा. भांडू नका, कारण भांडलात तर तो रात्री येऊन टाकील. आणि घरातल्या बायकांना सोबत घ्या. रविवार आपल्या पुरुषांना मिळाला, पण चुलीला सुटी देणारा कायदा अजून व्हायचा आहे. तेवढी एक सकाळ तरी भाकरी आपण बडवू शकतो.

दादा आता ऐंशीच्या जवळ आले आहेत. सायकल सुटली, आम्ही त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेतो. आता डोळेही अधू झाले आहेत. मागच्या रविवारी पुलाजवळच्या खडकावर त्यांना बसवले. डोहावर एक खंड्या आला. आम्ही त्यांच्या खांद्याला हात लावून बोट दाखवले, जसे पूर्वी ते आम्हांला दाखवीत. बराच वेळ ते त्या दिशेने पाहत राहिले. दिसला की नाही, कोणास ठाऊक. मग आमच्या हातावर हात ठेवून म्हणाले, ‘उभा आहे ना अजून हवेत?’ आम्ही मान हलवली. ते म्हणाले, ‘मंग ठीक आहे.’

येत्या रविवारी सकाळी साडेपाचला आमची मंडळी नेहमीच्या चौकातून निघणार आहेत. सायकल असली तर आणा. नसली तर कोणाच्या तरी मागे जागा होईल. डबा मात्र आपापला.